पहिला क्रमांक, दुसरा क्रमांक

घरातील किशोरवयीन मुले हल्ली ज्या जपानी चित्रकथा वाचतात त्यांना ‘मांगा’ म्हणतात. त्यांतील एक लोकप्रिय साचा असा: मंत्रविद्या शिकविणारे गुरुकुल, तेथे पहिल्या क्रमांकासाठी झगडणारे दोन विद्यार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांच्या मनात एकमेकांविषयी ओढ असते. पण बोलायचे कोणी? आका आकासाका यांच्या ‘कागुया-सामा’ (2015 ते 2022) या गाजलेल्या मांगात जादू नाही, मात्र पेच तोच आहे. विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष परीक्षेत पहिला, उपाध्यक्षा दुसरी, आणि समोरच्याने आधी कबुली द्यावी यासाठी दोघांचे अखंड डावपेच.

पालकांना यात फक्त प्रेमप्रकरण दिसते आणि मोबाईल हातातून काढून घेतला जातो. वस्तुतः या कथांचे मर्म वेगळे आहे. आपली उत्तरपत्रिका आपल्याइतक्याच बारकाईने वाचणारी व्यक्ती बहुधा आपला प्रतिस्पर्धीच असते. आईवडील गुण पाहतात, तो रीत पाहतो.

मंगरूळपीरच्या वाचकांना आश्चर्य वाटेल, पण अशा न बोललेल्या प्रेमाच्या एका अद्‌भुत कथेचा शेवट त्यांच्याच जिल्ह्यात झालेला आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इ. स. 900 च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात ती कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आईच्या मागोमाग ब्रह्मदेवाच्या सभेस निघतो. आई त्याला परत पाठविते, आणि तो रागाने घर सोडतो. त्याला आवरण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागे देशोदेशी फिरते. पूर्वेकडे तिच्या वेषाला आणि नृत्याला तो दाद देत नाही. त्या वेळी त्याच्या तोंडून निघते ती लांबलचक समासांनी जड झालेली गौडी रीती. पांचाल देशात तो किंचित विरघळतो आणि समास आखूड होतात. दक्षिणेत पूर्ण वश झाल्यावर त्याची वाणी सुटी, सोपी, समासरहित होते. तीच वैदर्भी रीती! मग विदर्भातील वत्सगुल्म नगरात, ज्याला राजशेखर मदनाचे क्रीडास्थान म्हणतो, दोघांचा गांधर्व विवाह होतो.

प्रेम किती वाढले हे येथे समासांच्या लांबीवरून ओळखायचे. व्याकरणाचा इतका गोड उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

तथापि साहित्यविद्या ही काही काव्यपुरुषाची प्रतिस्पर्धी नव्हे; तिला त्याला वळविण्यासाठीच पाठविलेले होते. बरोबरीची चढाओढ पाहायची तर राजशेखराच्या घरातच पाहावी. त्याची पत्नी अवंतिसुंदरी चाहमान कुळातील विदुषी होती. त्याचे ‘कर्पूरमंजरी’ हे प्राकृत नाटक तिच्या इच्छेवरून रंगभूमीवर आले. ‘काव्यमीमांसे’त काव्याच्या परिपक्वतेची, म्हणजे ‘पाका’ची चर्चा आहे. वामनाच्या अनुयायांचे मत असे की, जेथे एकही शब्द बदलता येत नाही तेथे पाक सिद्ध झाला. यावर अवंतिसुंदरी म्हणते की ही परिपक्वता नव्हे, हे असामर्थ्य आहे. एकाच आशयाला महाकवींजवळ अनेक पाठ असतात, आणि रसाला उचित असे शब्द व अर्थ योजणे हाच पाक. हे खंडन राजशेखराने तिच्या नावासकट नोंदविले आहे. त्यानंतर तो आपले मत मांडतो. त्याच ग्रंथात त्याने असेही लिहिले आहे की संस्कार आत्म्याशी निगडित असतो, त्याला स्त्री-पुरुष भेद नाही, म्हणून स्त्रियाही कवी होऊ शकतात.

हा ग्रंथ टिकला त्याचे श्रेय जैन ग्रंथभांडारांकडे जाते. पाटणच्या भांडारातील ताडपत्रांमुळे तो पुन्हा उजेडात आला आणि 1916 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत पहिला ग्रंथ म्हणून छापला गेला.

व्यापारी कुटुंबांत वाणिज्य शाखेची पदवी पहिल्या वर्गात मिळविलेल्या सुना आज कमी नाहीत. कोणत्या मालाची उधारी थांबवावी, कोणता साठा दिवाळीपूर्वी काढून टाकावा, हे त्यांनी जेवताना सुचविलेले असते. दुकानात मात्र तो निर्णय मुलाच्या नावावर चढतो. नवराबायको एकेकाळी एकाच महाविद्यालयात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असतील, तर ही नोंद दोघांनाही ठाऊक असते, आणि दोघेही ती काढत नाहीत.