ढग आहेत, मग पाऊस का नाही?

पर्जन्यछायेच्या प्रदेशातील शेतकऱ्यास हा अनुभव नवा नाही. आषाढात ढग दाटून येतात, वारा सुटतो आणि एकही सर न पडता आभाळ पुन्हा मोकळे होते. अशा वेळी गावोगाव विचारणा होते की, सरकार विमानाने पाऊस का पाडत नाही? या प्रश्नास पोकळ आशा दाखवून किंवा थट्टेने उत्तर देणे योग्य नव्हे. ढगाचे खरे स्वरूप समजावून सांगणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

हवेतील वाफेला थेंबाचे रूप घेण्यास आधारासाठी कण लागतो. धूळ, समुद्राचे मीठ व धूर यांचे डोळ्यांस न दिसणारे कण हेच थेंबाचे बीज होय. हवा वर चढली म्हणजे थंड होते व तिच्यातील वाफ या बीजांवर जमते. हवा जितक्या वेगाने वर चढेल, तितकी अधिक बीजे रुजतात. परंतु बीजे फार झाली, तर दाट पेरलेल्या रोपांप्रमाणे थेंब खुरटतात. पावसाचा एक थेंब होण्यास ढगातील सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. बारीक थेंब मात्र एकमेकांस सहजी मिळत नाहीत.

कणांची संख्या, त्यांचा आकार व हवेची वर चढण्याची गती यांवरून थेंबांचे गणित मांडता येते. पण ही गती क्षणाक्षणास बदलते. म्हणून ढगात विमान नेऊन प्रत्यक्ष मोजमापे घ्यावी लागतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून अशी मोजमापे घेतली. पुढे २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर भागात निवडक ढगांच्या तळाशी विमानातून क्षाराचे कण सोडण्यात आले. हे मोठे कण लवकर वाढून बारीक थेंबांस आपल्यात सामावून घेतात. बीजारोपण केलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेकडील ठरावीक क्षेत्रात पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

हे यश मोलाचे आहे, पण त्याची मर्यादाही ध्यानी घ्यावी. ज्या ढगात पुरेसे पाणी आहे व ज्यात हवा जोराने वर चढत आहे, तोच ढग या उपायास दाद देतो. निरभ्र आकाशातून पाऊस पाडण्याची ही विद्या नव्हे. आणि ऐन अवर्षणात नेमके असेच ढग दुर्मिळ असतात.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, विमानाच्या भरवशावर बांधबंदिस्ती लांबणीवर टाकू नये. उताराला आडवी नांगरट, समपातळी बांध व शेततळे ही कामे पावसाळ्यापूर्वीच पुरी व्हावीत. शंभर भाग पावसाचे एकशे अठरा झाले, तरी उघड्या उतारावरून ते मातीसह ओढ्यास मिळणार असतील, तर शेतकऱ्याच्या पदरी काय पडणार? ढगावर आपली सत्ता नाही, बांधावर आहे.