‘केवळ संशोधनासाठी’ विकली जाणारी सुई

‘केवळ संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.’ लेबलवर एवढी ओळ छापली की औषध हे औषधच राहत नाही, या समजुतीवर आज जगभर एक मोठा व्यापार उभा आहे. काचेच्या छोट्या कुपीत पांढरी भुकटी, सोबत ती विरघळवायला पाण्याची दुसरी कुपी, आणि सुई पोटावर कशी टोचायची हे दाखवणारा मोबाइलवरचा व्हिडिओ. घेणारा काही प्रयोगशाळा चालवत नाही. तो व्यायामशाळेत घाम गाळणारा तरुण असतो, वजनाने गांजलेली बाई असते, नाहीतर लग्नाआधी गोरे व्हायला निघालेली मुलगी असते. हे विकणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते.

या भुकटीला पेप्टाइड म्हणतात. तिच्यावर सरकारने किती आणि कसे नियंत्रण ठेवावे यावरून अमेरिकेत 2023 पासून वाद पेटला आहे. तो वाद आपण समजून घेतला पाहिजे, कारण त्यातली निम्मी औषधे आणि निम्मी फसवणूक आपल्या दारात आधीच पोचली आहे.

अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. अमेरिकेच्या औषध नियामकाने 40 अमिनो आम्लांवर रेघ ओढली आहे: तिथपर्यंत पेप्टाइड, त्यापुढे प्रथिन. (त्या नियामकाचे नाव एफडीए. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनालाही लोक एफडीएच म्हणतात, म्हणून पुढे ‘अमेरिकेची एफडीए’ असेच लिहितो.) मधुमेह आणि वजन यांवरचे गाजलेले सेमाग्लुटाइड हे 31 अमिनो आम्लांचे, तर टिर्झेपेटाइड 39 चे. इन्सुलिन 51 चे, म्हणजे रेघेपलीकडचे, पण नाते जवळचेच. 1922 साली टोरोंटोत पहिल्या रुग्णाला ते टोचले गेले आणि मरणाच्या दारातली मुले उठून बसू लागली. तेव्हा पेप्टाइड म्हणजे भोंदूगिरी, असे म्हणणे चूक आहे. अडचण अशी की हजारो माणसांवर तपासलेले औषध आणि उंदरांपलीकडे फारसे न तपासलेले रसायन, दोघेही आज एकाच नावाने विकले जातात. निम्मी फसवणूक त्या नावानेच होते.

बीपीसी-157 चे उदाहरण घ्या. जठररसातील एका प्रथिनाचा तुकडा म्हणून सांगितले जाणारे हे 15 अमिनो आम्लांचे पेप्टाइड. स्नायू, सांधे, दुखापत सगळे झपाट्याने भरून येते असा त्याचा डंका आहे. त्यावरचे बहुतेक संशोधन प्राण्यांवरचे आहे, माणसांवरच्या चाचण्या अगदी तोकड्या. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बीपीसी-157 सह अनेक पेप्टाइडे धोक्याच्या यादीत टाकली आणि कंपाउंडिंग फार्मसींनी ती बनवून देण्याची वाट बंद केली. कंपाउंडिंग म्हणजे काय ते आपल्या आजोबांच्या पिढीला सांगावे लागले नसते. डॉक्टरांच्या दवाखान्यात पडद्यामागे कंपाउंडर मिश्रण करायचा आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून डोस मोजून द्यायचा. अमेरिकेत त्याचाच आज मोठा उद्योग झाला आहे. कारखान्यात बनलेल्या औषधाला मान्यतेची जी कडक परीक्षा द्यावी लागते, ती या मिश्रणांना द्यावी लागत नाही. एफडीएचे आक्षेप साधे होते: शरीराची प्रतिकारशक्ती या रेणूंवर उलटू शकते, बनवताना मागे राहिलेली अशुद्धता ओळखणे कठीण असते, आणि माणसांतील सुरक्षिततेची माहितीच पुरेशी नाही.

यावर ओरड झाली ती ‘निवडीच्या स्वातंत्र्या’ची. रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीरपणे लिहिले की एफडीएने ज्या गोष्टींवर युद्ध पुकारले आहे ते आता संपणार, आणि त्या यादीत त्यांनी पेप्टाइडांचे नाव घेतले. चार महिन्यांनी तेच देशाचे आरोग्यमंत्री झाले. या मंडळींच्या तक्रारीत थोडे तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या रेणूवर भक्कम पेटंट मिळत नाही त्याच्या चाचण्यांवर कोणती कंपनी कोट्यवधी खर्च करील? म्हणून काही उपयोगी रेणू कायमचे अडगळीत पडून राहू शकतात. पण यावरचा उपाय सरकारी पैशातून चाचण्या करणे हा आहे. चाचणीच नको, थेट विकू द्या, ही मागणी ग्राहकाची नसते, दुकानदाराची असते. कुपीत काय आहे हेच ज्याला कळत नाही, तो निवड कशातून करणार? जुलै 2025 मध्ये लास वेगासला दीर्घायुष्याच्या नावाने भरलेल्या एका मेळाव्यात पेप्टाइडांची इंजेक्शने घेतल्यावर दोन महिलांना अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात न्यावे लागले. तिथे जमलेली माणसे अडाणी नव्हती, गरीबही नव्हती.

तरीही नुसत्या बंदीने प्रश्न सुटत नाही, हेही तिथेच दिसले. फार्मसीचे दार बंद झाले तसा ‘केवळ संशोधनासाठी’चा चोरदरवाजा रुंदावला. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने असे लेबल लावून सेमाग्लुटाइड विकणाऱ्या काही विक्रेत्यांना ताकीदपत्रे धाडली. लेबल काहीही म्हणो, जाहिरात आणि मांडणी माणसांना टोचण्यासाठीच आहे, मग ते औषधच, हा त्यातला मुद्दा.

सेमाग्लुटाइडची कथा तर नियमनाची दुसरी बाजूही दाखवते. अमेरिकेत वजनासाठीच्या वेगोवीची छापील किंमत महिन्याला 1,300 डॉलरच्या वर होती. 2022 पासून औषधाचा तुटवडा जाहीर झाला आणि तुटवड्याच्या काळात कंपाउंडिंग फार्मसींना त्याची नक्कल बनवायची मुभा मिळाली. ती बरीच स्वस्त पडे, म्हणून लोक तिकडे वळले. पण कंपनीच्या पेनमध्ये डोस ठरलेला असतो, तर या कुपीतून तो सिरिंजने स्वतः ओढायचा होता. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांत घोटाळे झाले. काहींनी हव्या त्या डोसच्या पाच ते वीसपट औषध टोचून घेतले, असा इशारा एफडीएला जुलै 2024 मध्ये द्यावा लागला. ज्यांच्या घरी मधुमेही आहे त्यांना हे लगेच समजेल. आपल्याकडे 40 युनिटच्या इन्सुलिनची लाल टोपीची सिरिंज वेगळी आणि 100 युनिटची केशरी टोपीची वेगळी. अदलाबदल झाली की डोस अडीचपट इकडे नाहीतर तिकडे. फेब्रुवारी 2025 मध्ये तुटवडा संपल्याचे जाहीर झाले, एप्रिल-मेपर्यंत नकला बंद करण्याची मुदत मिळाली, आणि ज्यांना कंपनीची किंमत झेपत नव्हती ते पुन्हा उघड्यावर आले. नियमाने त्यांना चुकीच्या डोसपासून वाचवले, किमतीपासून नाही.

आता आपल्याकडे या. भारतात 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. रोगाचे निदान, उपचार वा प्रतिबंध करण्याच्या हेतूने वापरायचा कोणताही पदार्थ त्याच्या लेखी औषध ठरतो. म्हणजे सगळे येऊन थांबते ‘हेतू’ या शब्दावर, आणि लेबलवरची ती ओळ नेमकी हा हेतू लपवण्यासाठी छापलेली असते. परवान्याशिवाय औषध बनवणे वा विकणे कलम 18 ने मना आहे. कलम 27 प्रमाणे त्याला तीन ते पाच वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. बीपीसी-157 ला आपल्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता नाही. तेव्हा व्यायामशाळेतला ‘सर’ ते खोक्यातून काढून देतो तेव्हा तो सल्ला देत नसतो, गुन्हा करत असतो. कुस्ती, कबड्डी, धावणे यांतून पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आणखी एक गोष्ट: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2022 पासून बीपीसी-157 ला बंदी घातलेल्या पदार्थांत नाव घेऊन घातले आहे. एका चाचणीत सापडले की सगळ्या मेहनतीवर पाणी.

आणि गोरेपणाची सुई. ग्लुटाथायोन हे जेमतेम तीन अमिनो आम्लांचे पेप्टाइड. ते आपल्या शरीरातही असते. त्याची इंजेक्शने त्वचा उजळण्यासाठी शहरांतल्या क्लिनिकांतून आणि ब्युटी पार्लरांतूनही दिली जातात. या कामासाठी त्याला भारतात मान्यता नाही. जिथे हे वेड आपल्याही आधी पसरले त्या फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने 2011 पासून याविरुद्ध जाहीर इशारे दिले आहेत: यकृत, मूत्रपिंड, मज्जासंस्था यांना बाधा आणि जिवावर बेतणाऱ्या त्वचेच्या प्रतिक्रिया. आपला चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा 1954 चा. त्याच्या परिशिष्टात मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, पण गोरेपणा नाही. 2020 साली केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात त्वचेचा गोरेपणा घातला, पहिल्या गुन्ह्याला दहा लाखांपर्यंत दंडही सुचवला. मसुदा मसुदाच राहिला. या दिरंगाईला सरकार जबाबदार आहेच, पण त्या इंजेक्शनची मागणी कोण निर्माण करते? वधू-वर परिचय मेळाव्यांच्या अर्जांत ‘वर्ण’ हा रकाना आजही छापला जातो. आपल्या मेळाव्यांतही. तो काढायला कोणत्याही दुरुस्ती विधेयकाची गरज नाही.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड मात्र या पंगतीत बसवू नयेत. ती तपासलेली, मान्यता मिळालेली औषधे आहेत आणि देशात त्यांची गरज अफाट आहे. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी मधुमेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2025 मध्ये या गटातली औषधे ठरावीक मधुमेही रुग्णांसाठी अत्यावश्यक यादीत घेतली. पण मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आले तेव्हा सर्वांत लहान डोसची एक कुपी 3,500 रुपयांना होती, आणि ती दर आठवड्याला एक लागते. जूनमध्ये वेगोवी आली, सुरुवातीच्या डोसला महिन्याला 17,345 रुपये. सफाई कामगाराने, रिक्षावाल्याने, कंत्राटी शिक्षिकेने हे कुठून आणायचे? नोव्हेंबरमध्ये कंपनीने तोच डोस 10,850 रुपयांवर आणला. कंपनीला अचानक दया आली नव्हती. मार्च 2026 मध्ये भारतातले सेमाग्लुटाइडचे पेटंट संपत होते आणि देशी कंपन्या तयारीत उभ्या होत्या. सरकारच्या हातातले हत्यार वेगळेच आहे. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत इन्सुलिन ग्लार्जिन आहे, त्यामुळे त्याला कमाल किमतीची मर्यादा लागते. सेमाग्लुटाइड त्या यादीत नाही. माझ्या मते नियमनाची चर्चा सुरू व्हायला हवी ती इथून. परवडणारे, तपासलेले औषध मेडिकलमध्ये मिळाले तर चोरबाजारातल्या कुपीकडे कोण जाईल?

स्वस्ताईबरोबर दुसरा धोका येतो. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये जगाला सावध केले होते. ते ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडले होते. आपल्याकडे ऑनलाइन औषधविक्रीचे नियम 2018 पासून मसुद्यातच अडकले आहेत. औषध चिठ्ठीवरचे असूनही चार प्रश्नांच्या फॉर्मवर चिठ्ठी देणारे उपलब्ध आहेत. मळमळ, उलट्या सगळ्यांना माहीत झाल्या आहेत, पण स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, घरात एका विशिष्ट प्रकारच्या थायरॉइड कर्करोगाचा इतिहास असेल तर हे औषध घ्यायचेच नसते, आणि सुई थांबली की बरेचसे वजन परत येते, हे फॉर्म विचारत नाही आणि सांगतही नाही.

कार्यकर्त्यांनी कलम 26 वाचून ठेवावे. विकत घेतलेले कोणतेही औषध ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देण्याचा हक्क त्याने कोणाही व्यक्तीला आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला दिला आहे. विश्लेषकाने सही केलेला अहवाल मिळतो. त्यासाठी बिल लागते, बॅच नंबरसह, म्हणून बिलाशिवाय सुई घेऊ नका आणि कुपी फेकू नका. त्रास झाला तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद 1800-180-3024 या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य करता येते. ती रुग्णानेच केली तरी चालते.

आणखी एक, कारण आपल्या संघटना सवयीने निवेदन घेऊन आधी पोलीस ठाण्यावर जातात. या कायद्याच्या औषधविषयक प्रकरणातल्या गुन्ह्यांत पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. तक्रार त्यांनी औषध निरीक्षकाकडे पाठवायची असते. कलम 32 प्रमाणे खटला दाखल करू शकतात ते चौघे: औषध निरीक्षक, अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी, स्वतः बाधित व्यक्ती, आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटना. तेव्हा निवेदनाची पहिली प्रत जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांच्या टेबलावर जाऊ द्या, सोबत बिल आणि लेबलचा फोटो जोडून, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.