शेजारी दुसरी विहीर खणावी का?

आमच्या आणे पठारावर पाण्याची टंचाई नेहमीची. शेजाऱ्याच्या विहिरीला लागून कोणी दुसरी विहीर खणली, तर भांडण ठरलेलेच. कारण जमिनीखालचे पाणी एकच असते. विद्यार्थी मित्रांनो, संगणकाच्या खुल्या आज्ञावलींनाही हाच न्याय लावावा काय? जी कोणीही वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी अशी कर्त्याचीच परवानगी असते, ती खुली आज्ञावली. मग तेच काम करणारी दुसरी आज्ञावली रचणे हा पहिल्या कर्त्यावर अन्याय होतो का?

आपल्या जुन्नर तालुक्यातलेच उदाहरण घेऊ. खोडद येथील महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीला ३० अँटेना आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांनी टिपलेल्या संकेतांतील गोंगाट गाळून आकाशाचे चित्र तयार करावे लागते. ह्यूब इंटेमा या खगोलशास्त्रज्ञाने रचलेली 'स्पॅम' ही आज्ञावली हे काम करीत होती. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण झाले आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झऐवजी ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा टिपता येऊ लागला. या रुंद पट्ट्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील दोन शास्त्रज्ञांनी 'कॅप्चर' रचली. तिच्यावरील शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचा पाया म्हणजे 'कासा' ही आधीचीच खुली आज्ञावली.

यात पहिल्याचे काही हिरावले गेले नाही. उलट, एखादा अंधुक रेडिओस्रोत दोन्ही वाटांनी दिसला, तर त्याच्यावरचा विश्वास वाढतो. प्रयोगशाळेत आपण गुरुत्वत्वरण लंबकानेही काढतो आणि पडणाऱ्या गोळीनेही, ते याचसाठी.

मात्र एक गोष्ट आटते. प्रती काढल्याने आज्ञावली संपत नाही, पण चुका दुरुस्त करणाऱ्यांचा वेळ मोजकाच असतो. केवळ आपले नाव व्हावे म्हणून वेगळी चूल मांडली, तर तो वेळ दोन्हीकडे अपुरा पडतो.

म्हणून माझे मत असे. आपली सुधारणा जुन्या आज्ञावलीत बसेल का, हे आधी तिच्या कर्त्यांना विचारावे. बसत नसेल, तर खुशाल नवी रचावी. पण ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगावे, त्याच्या परवान्याच्या अटी पाळाव्या आणि आपले कामही खुले ठेवावे, म्हणजे त्यालाही ते घेता येईल. दुसऱ्याची प्रयोगवही उतरवून वर आपले नाव घालणे जितके गैर, तितकेच हे नाव लपवणेही गैर.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एखादी आज्ञावली रचायला घ्याल, तेव्हा शिक्षकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा : हे काम आधी कोणी केले आहे, आणि तुम्ही त्याला विचारलेत का?