पाण्याचाही ताळेबंद सभासदांपुढे यावा

संपादक महाशय,


अलीकडे साखर कारखान्यांच्या वार्षिक अहवालांत ‘हरित’ हा शब्द वारंवार आढळतो, आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे माझ्यासारखा, चाळीस वर्षे ऊस पिकविणारा सभासद म्हणणार नाही. जो बगॅस पूर्वी कमी दाबाच्या जुन्या बॉयलरांत कसाबसा जाळून संपविला जाई, त्याच बगॅसवर आज उच्च दाबाचे बॉयलर चालतात व कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकली जाते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे उद्दिष्ट २०१८ च्या धोरणाने २०३० साठी ठरविले होते, ते २०२२ साली पाच वर्षे अलीकडे आणले गेले, यातही ऊस-उत्पादकाचा वाटा मोठा आहे. परंतु ही हरितता धुराड्यापाशी आणि विजेच्या मीटरपाशी मोजली जाते. ओढ्यापाशी ती कोणी मोजत नाही, ही माझी तक्रार आहे.

आमच्या शिवारातला ओढा आश्विनात तळाचे खडे दिसावेत इतका नितळ असतो. गव्हाणीत मोळी पडून हंगाम सुरू झाला, की पौषाच्या सुमारास त्या पाण्याला काळ्या चहाचा रंग येतो, काठच्या दगडांवर तांबूस बुळबुळीत थर धरतो, आणि तहानलेला बैल तोंड खाली घालून हुंगतो व तसाच मान फिरवून उभा राहतो. ओढ्यालगतच्या विहिरीचे पाणी चार घरांनी पिणे सोडले आहे.

हे अटळ आहे असे आम्हांस सांगितले जाते, ते खरे नव्हे. एक टन उसात सुमारे सातशे किलो पाणीच असते. रस आटविताना त्याची वाफ होते, आणि ती वाफ थंड करून मिळालेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरले, तर गाळपासाठी नदीवर फारसा भार टाकावा लागत नाही. मळीपासून अल्कोहोल काढताना दर लिटरमागे दहा-बारा लिटर सांडपाणी निघते खरे. पण त्यापासून बायोगॅस करणे, ते आटवून बॉयलरमध्ये जाळणे, किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करणे, या तिन्ही रीती आसवन्यांच्या परिचयाच्या आहेत. उणीव आहे ती विचारणा करणाऱ्याची.

येथे एका दस्तऐवजाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील नियम १४ अन्वये, ज्या उद्योगांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते त्यांनी दरसाल ३० सप्टेंबरपर्यंत ‘नमुना पाच’ मध्ये पर्यावरण विवरणपत्र मंडळाकडे दाखल करावयाचे असते. रोज किती घनमीटर पाणी लागले, दर नगामागे किती खर्ची पडले, बाहेर काय सोडले, ते विहित प्रमाणाहून कितीने ढळले, आणि प्रदूषण रोखण्याचा उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला, या सर्वांचे रकाने त्यात आहेत. योगायोग असा, की आमची वार्षिक सर्वसाधारण सभाही आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे त्याच तारखेपर्यंत, भरवावी लागते. नफातोट्याचे पत्रक छापून घरोघर येते. पाण्याचे पत्रक मात्र मंडळाच्या दप्तरी जाऊन पडते, आणि मांडवात ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा होतो तेव्हा त्याचा उल्लेखही होत नाही.

सभासदांना हे तांत्रिक आकडे समजणार नाहीत, असे एका संचालकांनी मला सांगितले. जो शेतकरी उताऱ्यातला दशांशाचा फरक पकडून शेतकी कार्यालयात हुज्जत घालतो, त्याला घनमीटर समजणार नाही, हे मला पटत नाही. विरोधकांच्या हाती आयते हत्यार जाईल, ही दुसरी हरकत. ती गंभीर आहे, कारण कारखाना बंद पडला तर ऊस माझाच वाळेल. परंतु विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला तो ऊस पिकविणाराच त्याचा मालक व्हावा म्हणून. आणि मालकापासून त्याच्याच विहिरीची स्थिती गुप्त राखण्याचा अधिकार कोणत्या उपविधीत आहे, हे मला अद्याप कोणी दाखविलेले नाही. खाजगी कारखान्यात धनी एकीकडे व ओढ्याकाठचा रयत दुसरीकडे असतो. आमच्याकडे काट्यावर ऊस घालणारा आणि ते पाणी पिणारा माणूस एकच आहे.

म्हणून येत्या सभेसाठी मी लेखी ठराव दिला आहे : नमुना पाचचे मराठी भाषांतर अहवालात ताळेबंदालगत छापावे, ओढ्याच्या पाण्याचा नमुना हंगामापूर्वी व हंगामात दोन सभासदांसमक्ष घ्यावा, आणि त्याचा निष्कर्ष गट कार्यालयाच्या फलकावर लावावा. अन्य कारखान्यांच्या सभासदांनीही सभेची नोटीस हाती पडताच, मुदतीच्या आत, असाच अर्ज द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र आपण छापावे ही विनंती. माझ्या अर्जाची शिक्का मारलेली पोच मजपाशी आहे; तो विषयपत्रिकेवर घेतला की नाही, याचे उत्तर यावयाचे आहे.

आपला,
एक ऊस-उत्पादक सभासद