स्मिथ म्हणजे लोहार, एवढंच?

स्मिथ म्हणजे लोहार. टेलर म्हणजे शिंपी. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. अमेरिकी आडनावांचे अर्थ सांगणारी अशी रील तुमच्याही फोनवर आली असेल. खाली हमखास एक कमेंट असते: 'बघा, तिकडे आडनावावरून फार तर पणजोबाचा धंदा कळतो, आपल्यासारखी जात नाही.' ऑफिसात डबे उघडले की मीही हेच ऐकतो, आणि दर वेळी डोकं फिरतं.

वॉशिंग्टन घ्या. मुळात ते इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव. पण २०१०च्या अमेरिकी जनगणनेत हे आडनाव लावणाऱ्यांपैकी ८७ टक्क्यांच्या आसपास लोक कृष्णवर्णीय होते. जेफरसन लावणाऱ्यांत जवळपास तीन चतुर्थांश. 'जेफ्रीचा मुलगा' या अर्थातून यातलं काय कळलं?

१८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचं नाव लिहायचं आणि त्याच्यापुढे माणसांचं वय, लिंग, रंग. माणसाच्या नावाला रकानाच नाही. मी दिवसभर डेटाबेसमध्ये असतो. कुठला रकाना ठेवायचा नाही हे कुणीतरी ठरवलेलं असतं. इथेही तसंच झालं. मूळ आराखड्यात गुलामांची नावं होती, सिनेटमध्ये ती काढून टाकली गेली. ही माणसं सरसकट नावानिशी नोंदली गेली ती थेट १८७०मध्ये.

म्हणून सगळ्यांना मालकाचंच आडनाव चिकटलं, असं मात्र समजू नका. तोही आळशीपणाच. बुकर टी. वॉशिंग्टन शाळेत गेला तेव्हा बाकीच्या पोरांना दोन-दोन नावं, याला एकच. हजेरीत त्यानं 'वॉशिंग्टन' सांगून टाकलं. फ्रेडरिक डग्लस जन्मानं बेली. १८३८मध्ये गुलामीतून पळाल्यावर तो जॉन्सन झाला, पण न्यू बेडफर्डमध्ये पाहतो तर जॉन्सनच जॉन्सन! मग ज्याच्या घरी उतरला होता त्यानं वॉल्टर स्कॉटच्या काव्यातलं डग्लस सुचवलं. (तो यजमानही जॉन्सनच.) माल्कम लिटलनं तर आडनाव खोडून तिथे एक्स लिहिलं.

गोऱ्यांचंही सगळं सरळ नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव अडचणीचं ठरू लागलं तेव्हा कितीतरी श्मिट स्मिथ झाले. दोन्हीचा अर्थ लोहारच. शब्दकोशाच्या दृष्टीनं काहीच घडलं नाही!

राहिला 'तिकडे आडनाव निरुपद्रवी असतं' हा मुद्दा. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या आपल्या पिढीनं तरी तो मांडू नये. बोस्टन आणि शिकागोतल्या कंपन्यांना दोन अर्थतज्ज्ञांनी बनावट अर्ज पाठवले होते. निष्कर्ष २००४मध्ये छापून आले. काही अर्जांवर एमिली वॉल्श, ग्रेग बेकर अशी नावं, काहींवर लकिशा वॉशिंग्टन, जमाल जोन्स अशी. कुठल्या अर्जावर कुठलं नाव, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. एमिली-ग्रेगच्या गटाला दर दहा अर्जांमागे एक फोन आला, लकिशा-जमालच्या गटाला पंधरांमागे एक. बेकर म्हणजे पाव भाजणारा, हे त्या एचआरवाल्यांना कुणी विचारलंही नसेल.