शंभरातले किती सुटले?

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. ही म्हण दारू पिणाऱ्याच्या वाट्याला जितक्या वेळा येते, तितकी दुसऱ्या कुठल्याही आजाऱ्याच्या वाट्याला येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावापासून शहाद्याच्या बाजारापर्यंत हा युक्तिवाद पारावर ऐकू येतो आणि शिकलेल्यांच्या बैठकीतही. महिनाभर केंद्रात राहून आला, पोळ्याला पुन्हा प्याला, पैसे पाण्यात गेले. मग उपचाराचा खटाटोप कशाला? दारूचा सुटलेला कुणी पाहिलाय का?

या मुलखाने तो पाहिलेला आहे, आणि एकेकटा नव्हे, गावेच्या गावे. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत उसळलेली ‘देवी’ची चळवळ खानदेशाच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पोचली. सलाबाई देवी अंगात येऊन सांगते, दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, अशी ती श्रद्धा. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात तिचा सविस्तर माग काढला आहे. काही गावांत लोक थोड्याच काळात पुन्हा पिऊ लागले, काही गावांत बदल टिकला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवले आणि दारू सोडायला सांगितले. हजारो भिल्ल आरतीला जमू लागले. १९३८ मध्ये महाराज वारले, तरी आपधर्म संपला नाही; त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी तो पुढे नेला.

म्हणीवाल्यांचे यावर उत्तर ठरलेले असते. ती श्रद्धेची लाट होती, तिला उपचार कसे म्हणायचे? बरे, मग वैद्यकाकडे वळू.

अमेरिकेतल्या थॉमस मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधी तुलना मांडली. व्यसनावर उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरात साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा नशेकडे वळतात. रक्तदाब आणि दमा या आजारांत आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण ५० ते ७० टक्के आहे. बीपीची गोळी बंद करून पुन्हा दवाखान्यात आलेल्या आजोबांना कुणी शिव्या घालत नाही, गोळी मुळात निकामी होती असेही कुणी म्हणत नाही. गोळी घेत असताना दाब उतरला आणि सोडल्यावर चढला, यावरून डॉक्टर गोळी लागू पडते असाच निष्कर्ष काढतात. व्यसनाच्या बाबतीत मात्र नेमका उलटा निष्कर्ष काढला जातो. उपचार थांबल्यावर पिणे सुरू झाले, म्हणजे उपचार खोटा!

घसरण्याचाही एक काळ असतो. हंट, बार्नेट आणि ब्रांच यांनी १९७१ मध्ये दारू, तंबाखू आणि हेरॉइन सोडलेल्यांचे आलेख एकमेकांशेजारी ठेवले, तेव्हा तिन्ही रेषा जवळजवळ सारख्या निघाल्या. पहिल्या तीन महिन्यांत रेषा उभी कोसळते, त्यानंतर हळूहळू आडवी होत जाते. माणूस केंद्रातून घरी येतो आणि घरचे ‘सुटला एकदाचा’ म्हणून निश्चिंत होतात, तेच हे तीन महिने.

पण म्हणीवाल्यांच्या अविश्वासाला काही कारण आहे, आणि ते व्यसनमुक्तीचा धंदा करणाऱ्यांनीच पुरवले आहे. ‘९० टक्के यश’ अशी पाटी लावणाऱ्याला विचारावे, हे टक्के कशाचे? समजा शंभर जण भरती झाले. वीस मधूनच निघून गेले. उरलेल्या ऐंशींपैकी सहा महिन्यांनी फोनवर चाळीसच सापडले, आणि त्यातले तीस म्हणाले, ‘घेत नाही.’ जाहिरातीत हे ७५ टक्के होतात. प्रामाणिक संशोधक मात्र न सापडलेल्यांना आणि पळालेल्यांना हिशेबातून वगळत नाही. त्याच्या वहीत ३० टक्केच लिहिले जातात. तीसही काही कमी नाहीत. पण पंचाहत्तर सांगून तीस दाखवले, की गावाचा तिसावरही भरवसा राहत नाही.

‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दल फार बोलायला नको. पुडीत डिसल्फिरामसारखे औषध असले आणि माणसाने नकळत वर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. हेच औषध संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीत आणि घरच्या कुणी रोज हातावर ठेवल्यावर घेतले, तर कामाला येते.

आता ‘मनात आणलं तर सुटते’ हा पक्ष. माळ घातली, नदीत उभे राहून शपथ घेतली, संपले. शपथेची थट्टा करण्याचे कारण नाही. आपधर्माची ताकद तिच्यातच होती, पण ती एकट्याने घेतलेली शपथ नव्हती. शिवाय वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापतात, झटके येतात, भास होतात, क्वचित मरणही ओढवते. निर्धार पक्का असलेल्या माणसालाही त्या दिवसांत औषध आणि थायामिनचे इंजेक्शन लागते. ते न मिळून झटके आले, की घरचे म्हणतात, ‘शपथ मोडली म्हणून बाधलं.’ बाधलेली असते ती उपचाराशिवाय तोडलेली दारू.

खंडन एवढे पुरे. मंडनासाठी गोव्याला जावे लागेल. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. तिचे पहिले निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. हे पुरुष घातक प्रमाणात पिणारे होते. अर्ध्यांना नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली, तर अर्ध्यांना तिच्या जोडीला फार तर चार बैठकांचे समुपदेशन. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी मागच्या पंधरवड्यात थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८. वर्षभराने घातक पिण्यातून बाहेर पडलेले पहिल्या गटात ५४ टक्के आणि दुसऱ्यात ३२.

या आकड्यांनी हुरळून जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पूर्ण आहारी गेलेले लोक या चाचणीत नव्हते. त्यांना चार बैठका पुरतील असे तिच्यावरून म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. तीन महिन्यांच्या निष्कर्षांत दारू कमी झालेली दिसली, पण बायकोला होणारी मारहाण कमी झाल्याचे दिसले नाही.

इथे शहादा आठवतो. १९७२-७३ मध्ये आदिवासी मजुरांच्या श्रमिक संघटनेच्या काळात भिल्ल बायका एकत्र येऊन गुत्त्यांवर चालून गेल्या आणि दारूची मडकी फोडली. नवरा किती पितो, याइतकाच तो मारतो का आणि मजुरीचे पैसे कुठे जातात, हाही त्यांचा सवाल होता. नवऱ्याच्या तोंडून ‘घेत नाही’ हे उत्तर घेऊन यश मोजणाऱ्या संशोधनापेक्षा या बायकांची फुटपट्टी लांब होती. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने ती थोडीफार ओळखली. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या या केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो.

पण पुणे प्रकाशाहून चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार घेतलेला १८० त एक असतो. म्हणजे ज्या उपचारांना निकामी म्हटले जाते, ते बहुतेकांनी चाखलेलेच नसतात. पण नुसती केंद्रे वाढवा, ही मागणी अपुरी आहे. वाढवायचा आहे तो पाठपुरावा, आणि तोही नंदुरबारच्या वेळापत्रकाने. दिवाळीनंतर इथली कोयत्याची टोळी उसाच्या फडावर जाते, उन्हाळ्यात परतते. ऑक्टोबरात दारू सोडलेल्या मजुराचे सर्वांत कसोटीचे तीन महिने घरी जात नाहीत, परमुलखात पाचटाच्या खोपीत जातात. तिथे आशाताई नाही, आरोग्य केंद्र नाही.

म्हणून आरोग्य केंद्रात नुसता समुपदेशक नेमून भागणार नाही. टोळी निघण्याआधी त्याने एक बैठक घ्यावी, सोबत जाणाऱ्यांतला एक जोडीदार ठरवावा, मुकादमाचा नंबर लिहून ठेवावा, आठवड्याला फोन करावा आणि परतल्यावर पुन्हा बसावे. नोंद नवऱ्याची वेगळी घ्यावी, बायकोची वेगळी. पैशाची अडचण सांगणाऱ्यांना उत्पादन शुल्काचा रकाना दाखवता येईल. दारूतून राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी रुपये येतात. आणि वर्षाअखेर हिशेब लावताना फोन न उचललेला, फडावरून न परतलेला, मधूनच निघून गेलेला, असे सगळे शंभरच्या शंभर मोजावेत.