पंधराशे तासांचा हिशेब

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेले कोल्गन एअरचे छोटे विमान धावपट्टीच्या अलीकडेच एका घरावर कोसळले. विमानातली 49 आणि घरातले एक, अशी 50 माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेत सहवैमानिकालाही 1,500 तासांच्या उड्डाणानुभवाची अट लागू झाली. छोट्या विमानकंपन्यांचे कैवारी आजही विचारतात : त्या दोन्ही वैमानिकांचे तास 1,500 च्या वर होते, मग ही अट कशासाठी?

तास होते, हे खरेच आहे. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. वेग घातक पातळीवर उतरला की वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरू लागतो. तेव्हा तो पुढे ढकलून नाक खाली घ्यायचे असते. मुख्य वैमानिकाने तो मागे ओढला. उड्डाणचाचण्यांत तो पूर्वी अनेकदा नापास झाला होता आणि त्यातल्या काही अपयशांचा कंपनीला पत्ताच नव्हता. सहवैमानिक सिएटलजवळ आईवडिलांकडे राहत होती. रातोरात देश ओलांडून ती कामावर आली होती. थकव्याचा परिणाम झाला असावा, इतपत चौकशी मंडळाने मान्य केले. पण कारणांत त्याची नोंद केली नाही. अध्यक्ष डेबोरा हर्समन यांनी त्याबाबत वेगळे मत नोंदवले. मला त्यांचेच पटते.

म्हणूनच ही अट आणणारा 2010 चा कायदा केवळ तासांचा नव्हता. विश्रांतीचे नवे नियम, वैमानिकांच्या जुन्या नोंदींचा साठा, विमान स्टॉल झाल्यावर, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर, ते सावरण्याचा सिम्युलेटरमधला सराव, हे सगळे त्यातून किंवा त्याच्या मागोमाग आले. यातले एकही कलम कैवाऱ्यांच्या युक्तिवादात सापडत नाही.

राहिला या अटीमुळे वैमानिकांचा तुटवडा पडतो, हा आक्षेप. 2020 मध्ये मोठ्या कंपन्यांनीच हजारो वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली. लष्करातून किंवा मान्यताप्राप्त पदवी घेऊन आलेल्यांना तासांत सवलतही आहे. आणि तुटवडा भासताच 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर उड्डाणाच्या तासाला 90 डॉलरपर्यंत नेला. म्हणजे पैसे होते. द्यायची निकड नव्हती. नवशिक्यांना तुटपुंज्या पगारावर राबवायची वाट या अटीने अडवली, आणि माझ्या मते तिचे खरे मोल तेच आहे.

2023 मध्ये सिम्युलेटरचे जादा तास अनुभवात धरण्याची तरतूद अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या विधेयकात घातली गेली होती. बफेलोच्या अपघातातल्या मृतांचे नातलग त्याविरुद्ध झगडले आणि मे 2024 च्या कायद्यात अट शाबूत राहिली. तिच्यात बदल करायचाच असेल तर तास कमी करू नका, उरलेली उणीव भरून काढा : घरापासून तळापर्यंतचा रात्रीचा प्रवास आजही कामाच्या तासांत मोजला जात नाही. तो मोजा, किंवा वैमानिकाला तळाजवळ घर घेता येईल एवढा पगार पहिल्याच वर्षापासून द्या.